दीड वर्षांचा कुत्रा अचानक गुरगुरू लागला आहे

प्रश्न: आमचा कुत्रा आजवर अतिशय शांत होता, परंतु अलीकडे पाठीवर हात फिरवताच तो अंग चोरतो, दात विचकून गुरगुरतो आणि जिना चढणे टाळतो. हा वयाचा परिणाम समजावा काय?

उत्तर १: वागणूक अशी एकाएकी बदलली की आधी वेदनेचा संशय घ्यावा. कानाचा संसर्ग, दातदुखी किंवा खुब्याच्या सांध्यातील दोष यांमुळे गरीब स्वभावाचे कुत्रेही अंगावर येते. जिना टाळणे तर मला सांध्यांचे किंवा पाठीचेच दुखणे वाटते. पशुवैद्यांना त्याच्या घरातील चालण्याचा व्हिडिओ दाखवावा, कारण दवाखान्यात घाबरलेले कुत्रे पुष्कळदा लंगडणे दिसू देत नाही.

उत्तर २: सहमत. गुरगुरण्याबद्दल मात्र त्याला रागावू नये. ही पूर्वसूचना दडपली, तर पुढे तो न गुरगुरताच चावू शकतो.

उत्तर ३: माणसांची वेदनाशामके मुळीच देऊ नयेत, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी असते.