पहिली गाडी: कर्जाची मुदत आणि विमा

प्रश्न: मी पहिली गाडी कर्जावर घेत आहे. हप्ता हलका राहावा म्हणून 7 वर्षांची मुदत घ्यावी की 3 वर्षांची? विमा कोणता घ्यावा?

पहिले उत्तर: घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, वार्षिक 10 टक्के व्याजदर धरल्यास कर्जाच्या दर शंभरामागे 3 वर्षांत सुमारे 16, तर 7 वर्षांत सुमारे 39 इतके व्याज जाते, शिवाय लांब मुदतीत गाडीची किंमत कर्जापेक्षा लवकर उतरते, म्हणून झेपत असल्यास लहान मुदतच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे उत्तर: केवळ तृतीय पक्ष विम्यात, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीपुरत्या विम्यात, स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही, आणि गाडी पूर्ण निकामी झाली तरी कर्ज फेडावेच लागते. आपण स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा सर्वंकष विमाच घ्यावा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मोठ्या गाडीचा 3 वर्षांचा हप्ता झेपणार नाही. लहान गाडी पाहतो.