कोरियन राजकीय हेरपट सुचवा (बाबांसोबत बघायचाय)

चकलीप्रेमी:
शनिवारी रात्री बाबांना एखादा कोरियन हेरपट दाखवायचाय. राजकारण हवं, नुसती ठायठाय नको. अटी दोनच: दोन तासांच्या आत संपावा, कारण साडेदहाला ते झोपतात. आणि मारझोड कमी असावी, आई शेजारीच मेथी निवडत बसते.

गच्चीवरचा_बाबू:
डोळे मिटून 'द स्पाय गॉन नॉर्थ' (२०१८). नव्वदच्या दशकात दक्षिणेचा हेर व्यापारी बनून बीजिंगमार्गे थेट उत्तर कोरियाच्या सर्वेसर्वा किम जोंग-इलसमोर जाऊन बसतो. खऱ्या हेरावर बेतलाय, सांकेतिक नाव 'ब्लॅक व्हीनस'. बंदुकीपेक्षा बोलण्यातच घाम फुटतो. १३७ मिनिटं.

चकलीप्रेमी:
दोन तास सतरा मिनिटं झाली की हो.

गच्चीवरचा_बाबू:
मग जेवण साडेसातला उरका.

मावळती:
+१. खरी मेख १९९७च्या निवडणुकीत आहे. विरोधी उमेदवार किम दे-जुंग निवडून येऊ नये म्हणून दक्षिणेचेच गुप्तचर उत्तरेला सांगतात, सीमेवर जरा गडबड करा! बरोबर वाचलं ना, म्हणून मी मागे नेऊन परत पाहिलं.

तिखटमीठ:
काहीही बघा, हिंदी डब तेवढा टाळा. मी एक असाच भाड्याने घेतला होता, त्यातला जनरल मालिकेतल्या सासऱ्यासारखा बोलत होता. पैसे वाया.

निवांत_नाना:
सबटायटल वाचत बसायचं तर पुस्तक काय वाईट? आणि सगळेच किम, नाहीतर पार्क. कोण कोणाचा हेर, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मावळती:
नाना, आमच्या वाड्यात अकरा कुलकर्णी होते. कधी चुकलात?

सोलापुरी_चादर:
अटी कोणी वाचतंय का? 'द मॅन स्टँडिंग नेक्स्ट' (२०२०), ११४ मिनिटं, ली ब्युंग-हुन. पात्रांची नावं बदललीत, पण गोष्ट १९७९चीच. शेवटचं जेवण सोडलं तर रक्त फार नाही. त्यात गुप्तचर प्रमुखच राष्ट्राध्यक्षाला गोळ्या घालतो.

तिखटमीठ:
अरे स्पॉयलर!!

सोलापुरी_चादर:
२६ ऑक्टोबर १९७९ला पार्क चुंग-ही गेला, जगभर पेपरात आलं. स्पॉयलर कसला डोंबलाचा? गंमत 'काय' यात नाहीच, 'का' यात आहे. चाळीस दिवस आधीपासून गोष्ट सुरू होते आणि तो माणूस आतून कसा कुढत जातो ते बघायचं.

गच्चीवरचा_बाबू:
संथ आहे. बाबा झोपतील. 'द स्पाय गॉन नॉर्थ'च.

जुना_खेळिया:
मी 'शिरी' (१९९९) सीडीवर पाहिलाय, तुमच्यातले निम्मे तेव्हा शाळेत असतील. त्यापुढे हे सगळं पाणी कम चाय.

मावळती:
'शिरी'त गोळ्याच गोळ्या आहेत, धाग्याची अट काय आणि तुम्ही सांगताय काय!

सोलापुरी_चादर:
एक इशारा. 'हंट' (२०२२) कोणी सुचवला तर घेऊ नका. 'स्क्विड गेम'वाल्या ली जुंग-जेचं पहिलं दिग्दर्शन, दोन गुप्तचर अधिकारी एकमेकांनाच फितूर ठरवायला निघालेत. सिनेमा चांगला आहे, पण छळाचे प्रसंग आहेत, आईसमोर नको. आणि १९७९ची हत्या, १९८०चा ग्वांगजू शहरातला चिरडलेला उठाव, रंगूनचा बॉम्बस्फोट माहीत नसेल तर अर्ध्या तासात डोकं गरगरतं. आधी 'मॅन स्टँडिंग नेक्स्ट' बघा, मग हा.

निवांत_नाना:
+१, 'हंट' मला अजून कळलेला नाही.

गच्चीवरचा_बाबू:
'हंट' नकोच. यावर तरी एकमत.

चकलीप्रेमी:
सगळ्यांचे आभार. जेवताना धागा बाबांना वाचून दाखवला. रंगून म्हटल्यावर ते घास तसाच ठेवून म्हणाले, "ऑक्टोबर त्र्याऐंशी! दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष, तो चुन दू-ह्वान, तिथून पुढे भारतात यायचा होता. यायला उशीर झाला म्हणून वाचला, मंत्री मात्र गेले." सिनेमात घटना बँकॉकला नेलीय असं वाचलं, तेही सांगितलं. त्यावर, "का नेली ते बघूच."

तर शनिवारी 'हंट'. आई मेथी स्वयंपाकघरात निवडणार आहे.

गच्चीवरचा_बाबू:
मग धागा काढलात कशाला?