दिवाळी अंकाच्या फाइलमधली नको असलेली पाने कशी काढावीत?

प्रश्न (मांडणीकार, कोथरूड)
नमस्कार. पुण्यातील एका दिवाळी अंकाची मांडणी मी इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. सुरुवातीपासूनचे सारे काम एकाच फाइलमध्ये झाल्यामुळे तिच्यात गेल्या वर्षीच्या जाहिराती, संपादकांनी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेली एक कथा आणि मांडणीचे कच्चे प्रयोग असे सगळेच साठले आहे. छापखान्यासाठी पीडीएफ काढताना यातले एखादे पान अंकात जाईल, ही मोठी धास्ती आहे. एक पान काढून पाहिले, तर पुढच्या सगळ्या पानांची डावी-उजवी बाजू बदलली आणि एका लेखाच्या शेवटच्या चौकटीवर लाल अधिकचिन्ह दिसू लागले. मजकूर न गमावता ही साफसफाई कोणत्या क्रमाने करावी?

उत्तर १ (छपाईपूर्व काम, अप्पा बळवंत चौक)
त्या लेखातला मजकूर गेलेला नाही. एकाच लेखाचा मजकूर एकीतून दुसरीत वाहावा म्हणून जोडलेल्या चौकटींपैकी एखादी पानासोबत गेली, की तिच्यातला मजकूर पुढच्या चौकटीत सरकतो आणि शेवटी जागा पुरली नाही, की ते लाल चिन्ह येते. काळजी करावी ती सुट्या चौकटींची, कारण चित्राखालची ओळ, लेखकाचा परिचय किंवा स्वतंत्र चौकटीतली कविता पानाबरोबरच निघून जाते. म्हणून मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी आणि ‘शो टेक्स्ट थ्रेड्स’ चालू करून कोणती चौकट कशाला जोडली आहे, हे पाहून घ्यावे.

बाजूला ठेवलेली कथा पुसूच नये. ‘राखीव’ नावाची दुसरी फाइल उघडी ठेवून ‘मूव्ह पेजेस’ने ती पाने तिकडे हलवावीत, हलवल्यावर मूळ पाने काढून टाकण्याचा पर्याय तिथेच मिळतो. बाकीची पाने शेवटाकडून सुरुवातीकडे काढत यावे, म्हणजे आधीच्या पानांचे क्रमांक बदलत नाहीत आणि हातातली यादी शेवटपर्यंत जुळते. सर्व झाल्यावर नुसते ‘सेव्ह’ न करता ‘सेव्ह ॲज’ करावे, कारण त्यात फाइल नव्याने लिहिली जाते आणि तिचा आकार बहुधा कमी होतो.

उत्तर २ (छापखाना, नारायण पेठ)
वरील क्रम योग्य आहे, पण समोरासमोरच्या पानांच्या अंकात पाने नेहमी जोडीने काढावीत, हे मी आग्रहाने सांगेन. एकच पान काढले, तर उजव्या पानाचे पैसे मोजलेली जाहिरात डावीकडे जाते आणि पृष्ठक्रमांक मूळ नमुना-पानावर (ज्याची रचना इतर पानांना आपोआप लागू होते) न ठेवता हाताने टाकलेला असेल, तर तो बाहेरच्या कडेऐवजी थेट शिवणीच्या बाजूला येतो. एकच पान काढणे भागच असेल, तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी बसवावे. मध्ये पिन मारायच्या अंकाची एकूण पाने चारच्या पटीत लागतात. फॉर्मप्रमाणे, म्हणजे एका मोठ्या कागदावर अनेक पाने एकत्र छापून, छपाई असेल, तर काय काढायचे, हे ठरवण्यापूर्वीच छापखान्याला विचारावे.

उत्तर ३ (ग्राफिक डिझायनर, कर्वेनगर)
मुखपृष्ठ इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर तिथला आर्टबोर्ड (पानासारखी चौकट) पुसल्याने त्यावरचे चित्र जात नाही. ते कॅनव्हासवर, म्हणजे आर्टबोर्डभोवतीच्या मोकळ्या जागेत, तसेच राहते आणि फाइल जडच राहते, त्यामुळे आधी चित्र निवडून पुसावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. अनुक्रमणिका मी इनडिझाइनच्या सोयीनेच तयार केली आहे. तिच्यातले पृष्ठांक आपोआप बदलतील का?

उत्तर १ (छपाईपूर्व काम, अप्पा बळवंत चौक)
नाही. अनुक्रमणिकेच्या चौकटीत कर्सर ठेवून ‘अपडेट टेबल ऑफ कन्टेन्ट्स’ची आज्ञा द्यावी लागते. ती पाने काढून झाल्यावर द्यावी, आणि लेखांच्या शेवटी ‘पान अमुक वर पुढे चालू’ असे हाताने लिहिलेले आकडे असतील, तर ते डोळ्यांनीच तपासावेत. त्यानंतर ‘प्रीफ्लाइट’ या चुका दाखवणाऱ्या तपासणीत न मावलेल्या मजकुराची एकही नोंद उरली नाही, याची खात्री करून मगच पीडीएफ काढावी.