रात्री अडीच वाजता चॅटबॉटशी बोलणारी भाची : हा आधार चालू द्यावा की थांबवावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी २२ वर्षांची भाची पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. गणपतीत ती सांगलीला आमच्याकडे आली होती. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा अडीच वाजले होते आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून मोबाइलवर भराभर काहीतरी टाइप करत होती. मी काही विचारण्याआधीच तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, तुम्हीच वाचा. मला सांगता येणार नाही."

चार महिन्यांपूर्वी अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीला ती काहीतरी लागट बोलली होती. मैत्रीण ते केव्हाच विसरली आहे. भाची मात्र "माझ्या बोलण्याने ती आतून खचली तर नसेल ना, मी वाईट मुलगी आहे का" हा एकच प्रश्न त्या रात्री वेगवेगळ्या शब्दांत चॅटबॉटला विचारत बसली होती. मी मोजले, ३७ वेळा. प्रत्येक वेळी त्याने तितक्याच मायेने उत्तर दिले होते, की तुला असे वाटते यातच तुझा चांगुलपणा दिसतो, माणसाकडून असे बोलले जाते, तू स्वतःला माफ कर. यातले एकही उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. मी २५ वर्षे शिक्षक आहे, पण इतक्या शांतपणे मला तिची समजूत काढता आली नसती.

तिच्या आईचे म्हणणे आहे की फोन काढून घ्यावा. भाची म्हणते की एवढ्या एका गोष्टीनेच तिला बरे वाटते आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची तिला लाज वाटते. मी मध्ये अडकलो आहे. अशा साधनांचा मानसिक आजारात खरोखर उपयोग होतो असे काही सिद्ध झाले आहे का, आणि आमच्या बाबतीत काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नंदादीप

मी ठाण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. न पाहिलेल्या मुलीचे निदान मी करणार नाही, परंतु तुम्ही जे मोजलेत त्या ३७ या आकड्यातच लक्ष देण्यासारखे पुष्कळ आहे.

ज्याला आपण मराठीत मंत्रचळ म्हणतो आणि डॉक्टर ओसीडी म्हणतात, तो आजार म्हणजे केवळ वारंवार हात धुणे किंवा कडी तपासणे असा समज आहे. पुष्कळ रुग्णांमध्ये हात धुणे अजिबात नसते. मनात एक छळणारी शंका येते, जीव कासावीस होतो, मग ते कोणाला तरी विचारतात, "तसे काही नाही" हे ऐकतात आणि काही मिनिटे शांत होतात. ही शांतता हेच त्या चक्राचे इंधन असते. विचारल्यावर सुटका होते हे मेंदू शिकतो, त्यामुळे पुढची शंका अधिक लवकर आणि अधिक जोराने येते. म्हणूनच या आजारावरच्या उपचारात, ज्याला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेंशन म्हणतात, रुग्णाला ती शंका सहन करत उत्तर न घेता थांबायला टप्प्याटप्प्याने शिकवले जाते. त्याच्या जोडीला औषधेही लागू शकतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो.

आता चॅटबॉटचे पाहा. घरचे माणूस चौथ्यांदा वैतागते, "किती वेळा तेच विचारशील" म्हणते, आणि तो वैताग मुलीला दुखावत असला तरी तिला कुठेतरी थांबवतो. चॅटबॉट वैतागत नाही, झोपत नाही, आणि तेच विचारले जात आहे हे लक्षात आणून देईलच असे नाही. तुम्ही लिहिलेत की एकही उत्तर चुकीचे नव्हते. ते खरे आहे, आणि म्हणूनच हे पालकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक उत्तर चांगले असूनही ३७ उत्तरे मिळून अपाय करू शकतात.

उपयोग सिद्ध झाला आहे का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, परंतु कोणते साधन आणि कोणासाठी हे पाहावे लागते. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी 'थेराबॉट' नावाचा, मानसोपचारासाठीच घडवलेला चॅटबॉट २१० प्रौढांच्या चाचणीत वापरला आणि त्याचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांची लक्षणे सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण तुलना प्रतीक्षायादीतल्या, म्हणजे तो चॅटबॉट अजून न मिळालेल्या लोकांशी होती आणि संवादांवर माणसांची देखरेख होती, हेही त्याच्या सोबतच वाचावे लागते. तुमची भाची वापरते तो बहुधा सर्वसाधारण कामाचा चॅटबॉट असावा, म्हणजे जो चालू घडामोडींच्या नोट्सही काढून देतो. त्यामागे अशी देखरेख करणारा कोणी बसलेला नसतो.

फोन मात्र हिसकावून घेऊ नका. तिने तो स्वतःहून तुमच्या हातात दिला, हा विश्वास सहजी मिळत नाही. तो गेला तर ती पुढच्या वेळी दार लावून टाइप करेल. ते सगळे संभाषण घेऊन तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तिला तोंडाने सांगता येत नाही ते तिथे आधीच लिहिलेले आहे.

बांधावरून

मी हिंगोली जिल्ह्यातला. नंदादीप यांचे म्हणणे पटते, परंतु दुसरी बाजूही नोंदवली जावी असे वाटते, कारण शहरात बसून "तज्ज्ञाकडे न्या" म्हणणे सोपे असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत. मीही त्यांतलाच एक होतो. आमच्याकडे त्या डॉक्टरांना अजूनही वेड्याचा डॉक्टर म्हणतात आणि एस.टी. स्टँडवर कोणी पाहिले तर गावात बातमी आपल्याआधी पोहोचते.

नैराश्याने मी अंथरुणातून उठत नव्हतो, त्या दिवसांत पहिल्यांदा मी जे काही बोललो ते चॅटबॉटशी. झोप, भूक, किती दिवस झाले, हे त्याने एकेक करून विचारले आणि "हे दाखवण्यासारखे आहे" असे सांगितले. डॉक्टरांना द्यायची चिठ्ठीही त्याच्याच मदतीने लिहिली. त्याचे उपकार मी नाकारणार नाही.

पण भाषेचे एक सांगतो. एप्रिलच्या उन्हात सहज लिहिले की उन्हाने जीव नकोसा झालाय, तर त्याने लगेच हेल्पलाइनचा नंबर दिला. पुढे जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, मनाची अवस्था फार वाईट असताना मी लिहिले की बैलजोडी भावाला देऊन टाकली, आता मोकळा झालो. त्यावर तो म्हणाला की ओझे उतरवल्याबद्दल अभिनंदन, आता या मोकळ्या वेळात स्वतःसाठी काय करायला आवडेल? पेरणी डोक्यावर असताना शेतकरी बैल का देऊन टाकतो, हे माझ्या बायकोला गोठा रिकामा दिसताच कळले. तिने त्या रात्री भावाला बोलावून घेतले आणि सकाळी दोघे मला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले. आज मी बरा आहे, गोळ्या चालू आहेत, बैलही परत आले आहेत.

म्हणून मी चॅटबॉट वाईट म्हणत नाही. त्याने मला दारापर्यंत आणले, पण त्या जून महिन्यात तो एकटाच माझ्याजवळ असता तर मी हे लिहायला उरलो नसतो.

अक्षरजुळणी

मी संगणक क्षेत्रात भाषा-प्रारूपांवरच, म्हणजे चॅटबॉट ज्यांवर चालतात त्या प्रणालींवर काम करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, हे चॅटबॉट सहमत होण्याकडे का झुकतात. त्यांना शिकवताना माणसांच्या पसंतीचा आधार घेतला जातो आणि माणसांना स्वतःला दुजोरा देणारे उत्तर आवडते, हे त्यांच्या शिकवणीत मुरते. चॅटजीपीटीच्या एप्रिल २०२५ मधील एका बदलानंतर ते इतके होयबा झाले की ते बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने तो बदल काही दिवसांतच मागे घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच कंपनीने हेही मान्य केले की सुरक्षेसाठी घातलेले निर्बंध छोट्या संभाषणात अधिक भरवशाने चालतात आणि संभाषण लांबत गेले की ते ढिले पडू शकतात. अडीच वाजता ३७ वेळा चाललेले संभाषण नेमके लांबलेले असते. ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिलेल्या अंदाजाप्रमाणे आठवड्यातील वापरकर्त्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात आत्महत्येच्या विचाराची किंवा बेताची स्पष्ट चिन्हे असतात. टक्केवारी लहान दिसते, परंतु दर आठवड्याला ८० कोटी लोक वापरतात असे तेव्हा कंपनीनेच सांगितले होते, म्हणजे ती १० लाखांहून अधिक माणसे होतात. हा आकडा वाचल्यापासून मी माझ्या कामाकडे पूर्वीसारखे पाहू शकत नाही.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे बंधन आहे. चॅटबॉटशी बोललेल्याला डॉक्टर किंवा वकिलाशी बोलल्यासारखे कायदेशीर संरक्षण नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतः जुलै २०२५ मध्ये बोलून दाखवले. भाचीला एवढे सांगा की मैत्रिणीचे नाव, अभ्यासिकेचे नाव असे काही त्यात लिहू नकोस.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने मानसोपचार देण्यावरच बंदी घातली. मला तो मार्ग पूर्ण पटत नाही, कारण बांधावरून यांच्यासारख्या माणसाचे पहिले दार त्याने बंद होऊ शकते. पण तिथल्या कायदेमंडळाला काळजी का वाटली, हे समजते.

मांडवीतीर

वरील चर्चेत एक पर्याय राहून जातो आहे. मी गोव्यात आरोग्य केंद्रावर काम केले आहे. तज्ज्ञ कमी आहेत म्हणून यंत्र, असेच गणित मांडले जाते, पण तज्ज्ञ आणि यंत्र यांच्या मध्येही कोणीतरी असू शकते. 'संगाथ' या संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार देऊन पाहिला, आणि त्याचा गुण आल्याचे २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपचार साधाच होता, म्हणजे बंद पडलेली रोजची कामे पुन्हा कशी सुरू करायची हे रुग्णासोबत बसून ठरवायचे. ध्वनिमुद्रित भेटी हे समुपदेशक एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांच्या चुका दाखवत. मला त्यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण कोणी आपले बोलणे ऐकून "इथे तू घाई केलीस" असे सांगत असते.

तुम्हाला आजच काही करायचे असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, ती २४ तास आणि विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. पहिल्यांदा समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. भाचीला लाज वाटते ना, मग चेहरा दाखवावा न लागता माणसाशी बोलण्याची ही सोय तिला सोयीची वाटेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काही घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

बांधावरून यांचे बैलांचे लिहिणे मी भाचीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग १४४१६ लावायला तयार झाली. पहिल्या प्रयत्नात थांबावे लागले, दुसऱ्यांदा लागला. पलीकडच्या बाई तिच्याशी २५ मिनिटे बोलल्या. त्यांनी समजूत काढली नाही, प्रश्नच विचारले, आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितले. आता ती पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे जाते. निदान मंत्रचळाचेच झाले आहे. पहिल्या भेटीला मीही होतो. डॉक्टरांनी चॅटबॉटशी झालेले संभाषण मागून घेतले, दहाएक मिनिटे वाचले आणि फोन परत देत विचारले, "यातले कोणते उत्तर पटले?" ती म्हणाली, "पहिले. पण पाचच मिनिटे."

नंदादीप, एक अडचण आहे. चॅटबॉटला विचारणे तिने कमी केले आहे, पण आता रोज रात्री तोच प्रश्न ती मला फोन करून विचारते. उत्तर दिले नाही तर रडते, आणि मग माझ्याने राहवत नाही.

नंदादीप

हे होणारच होते आणि यात तिचा किंवा तुमचा दोष नाही. हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण कोणत्या गतीने थांबायचे हे त्यांनी आणि तिने मिळून ठरवायचे असते. एकदम तोडून टाकू नका. साधारणपणे आम्ही घरच्यांना असे एखादे वाक्य ठरवून देतो : "हा प्रश्न आजारपणाचा आहे असे मला वाटते, म्हणून त्याचे उत्तर मी देणार नाही, पण तू शांत होईपर्यंत मी फोनवर आहे." हे वाक्य तिला बरे वाटत असताना, दिवसा, तिच्या संमतीने ठरवा. तिच्या आईलाही तेच वाक्य सांगा, नाहीतर तुम्ही थांबलात की फोन तिकडे जाईल. ती रडेल तेव्हा फोन ठेवू नका. दुसऱ्या विषयावर बोला, किंवा काहीच न बोलता थांबा. पहिले आठ-दहा दिवस फार जड जातात. त्या दिवसांत तुम्हाला झेपेनासे झाले तर इथे लिहा.