रक्तदाबाचा पट्टा आणि हार्वर्डचा नकार

अमेरिकेतील डॉक्टरांनी निदानाचे प्रत्येक नवे यंत्र लगेच उचलून धरले, असे म्हटले जाते. क्ष-किरणांपुरते ते बरेचसे खरे आहे. रक्तदाबमापकाची हकिगत मात्र वेगळी असून ती येथे नोंदवणे मला अगत्याचे वाटते.

शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग १९०१ साली इटलीतील पाविया येथे गेले असता त्यांनी तिथले डॉक्टर रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे उपकरण पाहिले आणि ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आणले. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, त्यात हवा भरत जायचे, मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवायचे आणि ती ज्या क्षणी लागेनाशी होईल त्या क्षणीची पाऱ्याची उंची टिपायची, अशी ती रीत होती. हार्वर्डच्या शल्यविभागाने याचा विचार केला आणि १९०४ मध्ये अशी मोजणी नित्याची करण्याची तूर्त गरज नसल्याचे कळवले.

हा निव्वळ हटवादीपणा होता असे मला वाटत नाही. तो पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद असल्याने जाड दंडावर आकडा फुगत असे, आणि बोटाने फक्त वरचा दाब कळे. खालचा दाब स्टेथोस्कोपने ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली. पुढे या मोजणीला मोठा रेटा विमा कंपन्यांनी दिला. नॉर्थवेस्टर्न म्युच्युअलसारख्या कंपनीने त्याच दशकात अर्जदारांचा रक्तदाब मागायला सुरुवात केली, आणि कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांचे आकडे प्रथमच मोठ्या संख्येने जमा होऊ लागले.