गेममधले कर्म: आकडा काढला तर खेळणाऱ्याला बग (प्रोग्राममधली चूक) वाटतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या फोंड्याचा. दिवसा नोकरी, रात्री मामेभावासोबत गोडो इंजिनवर (गेम बनवायचे सॉफ्टवेअर) एक छोटा गेम करतोय. गाव काल्पनिक, पण दुर्भाटकडच्या खाजनांवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांवर बेतलेले: नदीकडेचा बांध, त्यातली मानस (पाणी आत-बाहेर सोडायचा दरवाजा), आत कोरगुट (खारेपणा सोसणारे) भात.

पहिल्या आवृत्तीत सगळे करतात तेच केले. बरे केले की कर्माचा आकडा अधिक, वाईट केले की उणे. चाचणीला भाच्याला बसवले. पठ्ठ्याने भरतीच्या वेळी मानशीची दारे उघडी ठेवली, खारे पाणी आत घेतले, सुंगटे (कोळंबी) धरून बाजारात विकली. उणे ४०. सकाळी देवळाच्या पेटीत चारदा १०-१० रुपये टाकले आणि गडी परत शून्यावर. शेजाऱ्याचे शेत खारटले, ह्याचे खाते स्वच्छ! मागे बसून बघणारी आजी म्हणाली, "हे कसले रे कर्म? हे तर सोसायटीचे पासबुक."

खोड जुनीच आहे म्हणा. फॉलआउट ३ (२००८) मध्ये मेगाटन गावाच्या दारातल्या भिकाऱ्याला शुद्ध पाणी देत राहिले की कर्म वाढायचे, मग मागे काहीही केलेले असो. उलट १९८५ च्या अल्टिमा ४ मध्ये आठ सद्गुण पडद्याआड मोजले जात. आपण कुठवर आलो हे हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला जाऊन विचारावे लागे. हे वाचले आणि मला आपला कौल आठवला. देवाच्या अंगावर कळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे, उजवी पडली की होकार. म्हणून आकडा काढून टाकला. आता खेळणारा कौल लावतो, तेवढेच त्याला कळते.

आत मात्र तीन खाती आहेत. क्रियमाण म्हणजे हातातला बाण, संचित म्हणजे भात्यातले, प्रारब्ध म्हणजे सुटलेला. प्रत्येक कृत्याची वेगळी नोंद, प्रत्येकाचा पिकण्याचा काळ वेगळा. पाप-पुण्याची वजाबाकी नाही, दोन्ही भोगायचे. मानस उघडल्याचे फळ दोन हंगामांनी येते.

आणि इथेच अडलोय. दोन हंगाम म्हणजे खेळण्याचे साधारण तीन तास. तेवढ्यात मानशीची गोष्ट कुणालाच आठवत नाही. सहापैकी पाच जणांनी "भात आपोआप मरते, बग आहे" असे कळवले. कर्माची गती गहन हे गीतेत ठीक, स्टोअरवर त्याला एक तारा मिळतो.

दुसरे, सेव्ह, म्हणजे जतन केलेला डाव. फळ वाईट दिसले की लोक मागे जाऊन जुनी फाइल उघडतात. अंडरटेल (२०१५) जुने खून रीसेटनंतरही (डाव पहिल्यापासून सुरू केला तरी) लक्षात ठेवतो, तसे करावे का?

तिसरे जास्त टोचते. नव्या डावात संचित पुढे न्यायचे, तर पात्र गरीब घरात जन्माला घालणे सगळ्यात सोपे. ते मी करणार नाही. गरिबी म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, हे ह्या देशात माणसांना पुरेसे ऐकवून झाले आहे. सध्या नवा डाव त्याच गावात, पुढच्या पिढीत सुरू होतो. वारशाला बांध आहे तसा येतो, फुटका किंवा धड. पण मामेभाऊ म्हणतो, मग हे कर्म कुठे राहिले, हा तर नुसता परिणाम. जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
पहिल्याचे उत्तर तुमच्याच गावात आहे. फळ एकदम नको, आधी खुणा द्या. बांधावर खेकड्यांची बिळे, मग आतल्या बाजूला ओल, मग उन्हाळ्यात शेतावर मिठाची पांढरी साय. खुणा दिसल्यावर बग कोण म्हणेल? सेव्ह एकच ठेवा, आपोआप होणारी. मामेभावाला सांगा, बौद्ध मतात चेतना म्हणजेच कर्म. बांध चुकून फुटला की मुद्दाम फोडला, एवढा फरक नोंदीत ठेवलात तरी नुसता परिणाम राहत नाही.

धागाकर्ता
मिठाची साय आज रात्रीच लावतो. चेतनेचे मात्र अवघड आहे हो. भाचा शपथेवर सांगतोय की दार चुकून उघडे राहिले.