पगारकपात आणि वैमानिकांचं मत

कंपनी बुडत असताना वैमानिकांनी मुकाट्याने पगारकपात स्वीकारावी, असं काहीजण म्हणतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी ते २००३ मध्ये करून पाहिलं होतं. दिवाळखोरी टळावी म्हणून त्यांनी वर्षाला ६६ कोटी डॉलर सोडले, पगार सुमारे २३ टक्क्यांनी घटला. कपातीवरचं वैमानिकांचं मतदान उरकतं न उरकतं तोच बाहेर आलं, की वरच्या साहेबांसाठी बोनस आणि पेन्शन आधीच सुरक्षित करून ठेवलंय! प्रमुख डॉन कार्टी यांना जावं लागलं, पण कपात कायम राहिली.

२०११ अखेरीस दिवाळखोरी आलीच. मग ऑगस्ट २०१२ मध्ये ६१ टक्के वैमानिकांनी नवा करार फेटाळला, तो अविवेक कसा म्हणायचा? दुधाने तोंड पोळलं होतं. अर्थात तिथे 'नाही' म्हणणं फुकट नसतं: सप्टेंबरमध्ये न्यायालयाने कंपनीला जुना करार मोडायची मुभा दिली आणि डिसेंबरमध्ये वैमानिकांनी सुधारित करार मोठ्या बहुमताने मंजूर केला.

माझं मत विचाराल तर टक्केवारीवर भांडण्याआधी साहेबांचे करार टेबलावर मागवायला हवेत.